गळाच्या आधी दोर



हरभरा निघाला. गव्हाला अजून पंधरा दिवस आहेत. बांधावरचा पळस फुलून गळायला लागला, अन् शेततळ्यातलं पाणी रोज बोटभर खाली चाललंय. या दिवसांत उन्हं तापली की वावरात फार काम राहत नाही. म्हणून आजची नोंद पिकाची नाही. पुतणीला गळानं मासे धरायला शिकवलं, त्याची आहे. ज्यांच्या वावरात शेततळं आहे अन् घरात लेकरं आहेत, त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचा.

आधी तळ्याबद्दल. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा आम्हीही अर्ज केला. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. आमच्याकडं हातभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळं पाणी दिवाळीपर्यंतही टिकायचं नाही. मग पुढच्या वर्षी पदरचे पैसे घालून ५०० मायक्रॉनची पन्नी अंथरली. तेव्हापासून हरभऱ्याला तुषारचे दोन पाणी बिनघोर होतात. पन्नीवर गाळ बसला, पाणी जरा हिरवं झालं, तशी त्यात सातशे-आठशे बोटुकली सोडली. कटला, रोहू अन् मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या अन् मृगळ तळाशी, म्हणून तिघांचं एका पाण्यात जमतं.

चौथा पाहुणा न बोलावता आला. बोटुकलीच्या पिशवीत चार-दोन चिलापी आल्या असतील. वर्षभरात तळं चिलापीनं भरलं. तळहाताएवढी होत नाही तोच ती अंडी धरते, त्यामुळं संख्या वाढते अन् अंग काही वाढत नाही. टाकलेली पेंड-कोंडा तीच फस्त करते अन् रोहू-कटला उपाशी. जाळं ओढावं तर पन्नी फाटायची भीती. यावर सोपा उपाय गळच होता. रोज दहा-वीस चिलापी काढल्या तर कालवणही होतं अन् तळ्यातली गर्दीही कमी होते. पण तळ्यावर गळ घेऊन बसायला कोणाला वेळ? अन् लेकरांना तर मी तिकडं फिरकूच देत नव्हतो.

त्याचं कारण आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

तीन वर्षांमागं असाच मार्च होता. मोटारीच्या पाइपाच्या जाळीत शेवाळ अडकलं होतं. एकटाच होतो. काढायला म्हणून उतारावर दोन पावलं खाली गेलो, अन् पाय कधी सटकला ते कळलंच नाही. थेट पाण्यात. मला भीती वाटली नाही, कारण माझं आजोळ पैनगंगेच्या काठचं. पुरात नाही, पण भरल्या नदीत मी लहानपणापासून पोहलो आहे. दोन हात मारून काठाला आलो अन् वर चढायला गेलो, तर हाताला धरायला काहीच नाही. ओली पन्नी, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. गुडघा टेकवला की खाली, कोपर टेकवलं की खाली. नदीला काठ असतो, दगड असतो, झाडाची मुळी असते. पन्नीच्या तळ्याला काठच नसतो. पाचव्या-सहाव्या वेळी दम लागला. आठव्या वेळी पायात गोळा आला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की पोहता येणारा माणूसही इथं मरू शकतो.

घरच्यांनी भाकर आणली होती. तिनं आवाज दिला, मी उत्तर दिलं. ती धावत आली, पण शहाणी, खाली उतरली नाही. मोटारीचा जुना दोर लिंबाला बांधला अन् टोक माझ्याकडं फेकलं. वीस मिनिटं मी पाण्यात होतो. बाहेर आल्यावर दोघंही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तळ्याला जाळी मारली, फाटकाला कुलूप लावलं अन् घरात फर्मान काढलं, की एकाही पोरानं तळ्याकडं जायचं नाही. संपला विषय, असं मला वाटलं.

नाही संपला. गेल्या महिन्यात एका रविवारी तळ्याकडं गेलो, तर आमची चिऊ, म्हणजे धाकट्या भावाची पोरगी, अकरा वर्षांची, जाळीच्या आत. एका जागी कुत्र्यांनी जाळीखाली उकरलं होतं, तिथून सरपटत गेली होती. हातात तुराटी, तिला आईच्या डब्यातला शिलाईचा दोरा अन् दोऱ्याला वाकवलेली टाचणी. पन्नीच्या अगदी कडेला उकिडवी बसून पाण्यात वाकून पाहत होती.

ओरडावं असं वाटलं. पण ओरडलो असतो तर दचकली असती, अन् दचकली असती तर गेलीच असती. हळूच म्हटलं, “चिऊ, काय लागते का काही?”

“नाही ना मोठेबाबा. येतात अन् पयतात.”

“बरं. मांगं सरक थोडी. मी बी येतो पाह्याले.”

ती दोन हात मागं सरकली. मी फाटक उघडून आत गेलो, तिचा हात धरला अन् बाहेर आणलं. रागावलो नाही, कारण माझ्याच हाताला कंप सुटला होता.

रात्री घरात बैठक बसली. भाऊ म्हणे, जाळीच्या खालून दगड-माती भरू, दुसरं कुलूप लावू. घरचे चूल आवरता आवरता बोलले, “कुलूप तं होतंच ना? पोरगी त्याच्या खालून गेली. तिले पाण्याची वढ हाय. एक तं तिले शिकवा, नाहीतर थे तळं बुजवा.”

तळं बुजवणं शक्य नव्हतं. आपल्या भागात रब्बीचं पाणी म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून शिकवायचं ठरलं. भाऊ कबूल झाला, पण एका अटीवर. पहिल्या दिवशी गळ नाही.

तर पहिला दिवस दोराचा. तळ्याच्या चारही बाजूंना मोटारीचा जाड दोर, हातहात अंतरावर गाठ मारलेला, वर पक्क्या अँगलला बांधून टोक पाण्यात सोडलं. पाणी आटत जातं तसा उघडा उतार वाढतो, म्हणून दोर लांब ठेवला, तळापर्यंत जाईल एवढा. तेलाचे पंधरा लिटरचे दोन रिकामे डबे बूच घट्ट लावून दोरीला बांधले अन् फाटकाजवळ टांगले. शिवाय ट्रॅक्टरचा एक फुगवलेला ट्यूब.

मग मी स्वतः चिऊसमोर मुद्दाम घसरून पाण्यात पडलो. पन्नीवर चढून दाखवायचा प्रयत्न केला. ती आधी हसली. मी तीनदा खाली आलो, तेव्हा हसायची थांबली. मग पाण्यातूनच कडेकडेनं दोरापर्यंत गेलो, गाठ धरली, पाय पन्नीला लावून एकेक हात वर सरकलो अन् बाहेर.

“आता तू.”

तिच्या कमरेला वेगळी दोरी, तिचं टोक भावाच्या हातात, काखेत ट्यूब. तिची आई जाळीबाहेर उभी, तोंडाला पदर. चिऊ घसरली, पाणी नाकात गेलं, रडली. पण दोर धरून आली वर. दुसऱ्यांदा रडली नाही. चौथ्या वेळी आईकडं पाहून म्हणे, “पाय व आई, मी आली.”

तीन गोष्टी तिच्याकडून पाठ करून घेतल्या. एक, तळ्यावर एकट्यानं यायचं नाही, मोठं माणूस सोबत पाहिजे. दोन, पाण्यात पडलं तर पन्नी चढायची नाही, पडल्या जागेवरून दोराकडं जायचं. तीन, दुसरं कोणी पडलं तर आपण उडी मारायची नाही. डबा फेकायचा, दोर फेकायचा, ओरडायचं. एकाच तळ्यात एकामागं एक दोन-तीन जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या या तिसऱ्या चुकीच्या असतात. एकाला वाचवायला दुसरा उतरतो अन् त्यालाही काठ सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सामान. बाजारातली गरागरा फिरणारी काठी नको. आमच्या आजोळी पैनगंगेवर एक भोई आजा होते, त्यांनी मला जसा गळ बांधून दिला तसाच हिला दिला. सात-आठ फुटांचा हलका बांबू. काठीएवढाच लांब बारीक तंगूस. तंगूस काठीपेक्षा लांब ठेवला की नव्या माणसाचा गळ पाण्याऐवजी बाभळीत जातो. टोकाला बारीक गळ, कारण चिलापीचं तोंड लहान. दुकानात मागताना लक्षात ठेवा, नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो. गळाच्या चार बोटं वर ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं. अन् त्याच्या वर तरंगायला मोरपिसाच्या दांडीचा तुकडा. मोरपीस नसलं तर थर्माकोलही चालतो, पण छोटाच घ्या. तरंगतं लाकूड मोठं असलं तर माशाला ते जड लागतं, तो तोंडातलं टाकून पळतो अन् वर आपल्याला काहीच दिसत नाही.

चारा म्हणून गांडूळ. शेणखताच्या ढिगाखाली जिथं ओल राहते तिथं उकरलं की मिळतात. अख्खं लावायचं नाही, बोटाच्या पेराएवढा तुकडा. गांडुळाची किळस येत असेल तर कणीक घट्ट मळून त्यात थोडा कापूस पिंजून घालायचा. नुसती कणीक पाण्यात विरघळते, कापसानं ती गळाला धरून राहते. चिऊनं दोन्ही करून पाहिलं अन् शेवटी गांडुळाशीच तिचं जमलं.

गळाला उलटा काटा असतो, हे आधी दाखवलं. बोटात रुतला तर ओढायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं, दवाखान्यात जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. काठी मागं नेण्याआधी मागं कोण आहे ते पाहायचं. पाण्यात गळ फेकायचाही नाही, नुसता सोडायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला बसलो. पन्नीच्या कडेपासून चार हात मागं, दोराच्या शेजारी. पहाटेच्या गारव्यात पाणी थंड असतं, तेव्हा चिलापी सुस्त. ऊन अंगाला लागायला लागलं की कडेच्या उथळ पाण्यात येते. मोरपीस थरथरलं की चिऊनं काठी हिसकली. गळ रिकामा. पुन्हा लावला, पुन्हा थरथर, पुन्हा हिसका. दहा-बारा वेळा हेच. एकदा तर इतक्या जोरानं ओढलं की गळ उडून माझ्या टोपीत.

मला राहवेना. तिच्या हातातली काठी घ्यावी अन् एक मासा काढून दाखवावा, असं झालं. शिकवणाऱ्याची ही मोठी खोड. मला आजांची आठवण झाली. ते कधी माझ्या काठीला हात लावायचे नाहीत. तंबाखू मळत बसायचे अन् म्हणायचे, मासा आधी चव पाहतो, मग घास घेतो, तू त्याच्या घासाची वाट पाहा. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

“चिऊ, मोरपीस हाललं तं वढू नको. थे नुसतं टोचा मारून पाह्यते. पीस आडवं सरकलं नाहीतर बुडालं, तवाच उचल. अन् उचलजो मनगटानं, खांद्यानं नाही.”

वाट पाहताना ती बोलत राहते. म्हणे, “मोठेबाबा, रोहूले पिल्लं काहून होत नाही आपल्या तळ्यात? चिलापीलेच काहून होते?”

प्रश्न चांगला होता. तिला सांगितलं, रोहू-कटला पावसाळ्यात नदीला पूर आला की वाहत्या पाण्यात अंडी टाकतात. तळ्याच्या साचल्या पाण्यात त्यांना तो हंगाम कळत नाही. पूर्वी याचं बीज नदीतूनच गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून साचल्या पाण्यात अंडी टाकायला लावली. तिथून आपल्यासारख्यांना बोटुकली विकत मिळायला लागली. म्हणून १० जुलै हा देशात मत्स्य शेतकरी दिवस असतो. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली. तिला ना पूर लागतो, ना इंजेक्शन. नर गाळात खळगा करतो, मादी अंडी टाकते अन् तोंडात घेते. पिल्लं फुटून पोहायला लागेपर्यंत तोंडातच.

“तोंडात? मग थे खाते काय?”

“तवरोक जवळपास उपाशीच राह्यते.”

ती गप्प झाली अन् मोरपिसाकडं पाहत राहिली. कदाचित त्यामुळंच, पण या वेळी पीस थरथरलं तरी तिनं ओढलं नाही. पीस थांबलं. मग तिरपं झालं अन् हळूच डावीकडं चाललं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही. तिनंच मनगट उचललं. काठी वाकली अन् तळहाताएवढी चिलापी पन्नीवर फडफडत वर आली. चिऊ एवढ्या जोरात ओरडली की लिंबावरचे राघू उडाले.

मासा धरायचा कसा, तेही शिकवावं लागतं. चिलापीच्या पाठीवर काटे असतात. हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडं फिरवायचा, म्हणजे काटे आडवे पडतात. मग घट्ट धरून गळ आल्या वाटेनं परत काढायचा. रोहू-कटला लागला तर ओल्या हातानंच धरून पाण्यात सोडायचा, त्याला अजून वाढायचंय. चिलापी मात्र लहान असो की मोठी, बादलीत. आपला उद्देशच तो आहे.

पंधरा दिवसांत तिनं दीडेकशे काढल्या असतील. आमच्या घरचं रविवारचं कालवण तिच्या नावावर झालं. या सगळ्यात एक सकाळ मात्र वेगळी होती. त्या दिवशी एक मासा गालाला बाहेरून अडकून वर आला. चिऊनं पकडला, तर त्याच्या तोंडातून भुरभुर बारीक पिल्लं सांडली. काही तिच्या हातावर, काही पन्नीच्या ओल्या भागावर.

“मोठेबाबा! हिच्या तोंडातून पोरं निंगाले!”

माझा हिशोब सरळ होता. ती मादी अन् ती पिल्लंच तर नको होती तळ्यात. मी बादली पुढं केली. चिऊनं बादलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. म्हणे, “हिले सोडू ना.”

मी काहीच बोललो नाही. तिनं गळ काढला, लोट्यानं पाणी टाकून पन्नीवरची पिल्लं खाली ढकलली, दोराची गाठ एका हातानं धरली, वाकली अन् मादी पाण्यात सोडली. पिल्लं थोडा वेळ काठाशी तशीच घुटमळत होती. मादी परत आली की नाही, ते त्या हिरव्या पाण्यात दिसलं नाही. पण एक गोष्ट मला दिसली. वाकण्याआधी तिनं दोर धरला होता. कोणी न सांगता.

पिल्लं पोहायला लागली की मादी त्यांना तोंडाबाहेर चरायला सोडते, धोका दिसला की पुन्हा आत घेते, असं मी तिला सांगितलं होतं. सांगताना माझ्याच ध्यानात आलं नव्हतं, की तीन वर्षं मी तोंड मिटूनच बसलो होतो. कुलूप लावलं अन् राखण झाली, असं समजलो. लेकरू कुलपाखालून गेलं, तेव्हा त्याला ना दोर माहीत होता, ना काठ.

आता चिऊला एकबुर्जीच्या धरणावर जायचंय. तिला सांगितलं, धरणातले मासे आपले नाहीत. धरणं-तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, त्यांचं पोट त्यावर असतं. आधी विचारायचं, ते हो म्हणाले तर गळ टाकायचा. अन् पावसाळ्यात नदीच्या पहिल्या पुरात चढणीला लागलेला अंड्याचा मासा धरायचा नाही. हे दोन नियमही आजांचेच आहेत.

परवाची गोष्ट सांगतो अन् थांबतो. पाइपाची जाळी पुन्हा शेवाळानं भरली. चिऊ लिंबाखाली गांडुळं उकरत होती. दोन मिनिटांचं काम म्हणून मी तसाच उतारावर पाय टाकला. मागून आवाज आला, “मोठेबाबा! दोर कुठी हाय तुमचा?”

मी पाय मागं घेतला. दोर कमरेला बांधला, टोक तिच्यासमोर अँगलला दोनदा गुंडाळलं, तिनं ओढून पाहिलं, मग उतरलो.

मंडळी, पन्नीचं तळं असेल तर आज संध्याकाळीच चार बाजूंना गाठीचे दोर टाका. जुना मोटारीचा दोर सगळ्यांच्याच कोठ्यात पडलेला असतो. एक बूच लावलेला रिकामा डबा टांगा. जाळीच्या खालून एकदा फिरून पाहा. अन् घरातल्या लेकरांना दोर धरून वर यायला शिकवा. मासे नंतरही लागतात.

रामराम.